नायट्रेट इलेक्ट्रोडचा स्लोप ४२ का येतो, आणि खाऱ्या विहिरींचं काय करायचं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी तांब्याच्या तारेच्या टोकावर पीव्हीसीचं मेम्ब्रेन (पातळ पडदा) चढवून तुम्ही नायट्रेटचा इलेक्ट्रोड तयार केला. मोजणी डिजिटल मल्टिमीटरवर केली. स्लोप, म्हणजे नायट्रेट दहापट झाल्यावर व्होल्टेज जितकं बदलतं तो आकडा, ५९ मिलिव्होल्टच्या आसपास यायला हवा, तो येतो ४२. शिवाय रीडिंग तासाभरात दहाएक मिलिव्होल्ट सरकतं. अकोल्याकडच्या खारपाणपट्ट्यातल्या विहिरीचं पाणी लावलं की इलेक्ट्रोड लिटरला ३१ मिलिग्रॅम नायट्रेट दाखवतो आणि यूव्ही (अतिनील प्रकाशाचं शोषण मोजायच्या) पद्धतीने २२ येतं. यावर तुम्ही विचारता की महागातला आयनोफोर (ठराविक आयन पकडणारा रेणू) मागवला तर हे सगळं सुटेल का.

नाही सुटणार. पैसे वाचवा.

तुम्ही हा एक आजार समजून एक औषध शोधताय. मला यात तीन वेगळी दुखणी दिसतात आणि तिघांची कारणं वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. स्लोपचं मूळ बहुधा मीटरमध्ये आहे, सरकणाऱ्या रीडिंगचं तांब्याच्या तारेत आणि जास्तीच्या नायट्रेटचं विहिरीच्या पाण्यात. मेम्ब्रेनच्या रेसिपीवर मला सगळ्यात कमी संशय आहे. मी स्वतः सुरुवातीचं जवळजवळ वर्षभर रेसिपीच बदलत बसले होते, म्हणून हे जरा ठासून सांगते.

आधी मीटर बघू. इलेक्ट्रोड म्हणजे फार मोठ्या अंतर्गत रोधाची एक छोटी बॅटरी. पीव्हीसी मेम्ब्रेनचा रोध काही लाख ओहमपासून काही मेगाओहमपर्यंत असू शकतो. मेम्ब्रेन तारेच्या टोकाएवढं लहान असेल तर तो वाढतो. बऱ्याच डिजिटल मल्टिमीटरचा स्वतःचा इनपुट रोध १० मेगाओहम असतो. आता साधा व्होल्टेज डिव्हायडर मांडा. मेम्ब्रेन ४ मेगाओहमचं असेल तर मीटरला खऱ्या व्होल्टेजचा १० भागिले १४ एवढाच हिस्सा मिळतो. ५९ ला १० ने गुणून १४ ने भागा. उत्तर ४२. तुमचा आकडा वाचल्यावर मला पहिली शंका आली ती यामुळेच. तुमचं मेम्ब्रेन नेमकं ४ मेगाओहमचंच आहे असा माझा दावा नाही, पण तपासायला दहा मिनिटं पुरतात.

तपासणी अशी करा. इलेक्ट्रोड एका स्टँडर्डमध्ये, म्हणजे ठाऊक असलेल्या संहतीच्या नायट्रेटच्या द्रावणात ठेवून कॉलेजातल्या पीएच मीटरवर मिलिव्होल्ट मोडमध्ये रीडिंग घ्या. पीएच मीटरचा इनपुट रोध साधारण एक लाख कोटी ओहम असतो, कारण काचेच्या इलेक्ट्रोडचा रोधच कोटींच्या घरात असतो आणि मीटरचा रोध त्याहून पुष्कळ मोठा लागतो. मग इलेक्ट्रोड आणि रेफरन्स (तुलनेसाठीचा स्थिर पोटेन्शियलचा दुसरा इलेक्ट्रोड) यांच्या मध्ये १० मेगाओहमचा रेझिस्टर समांतर जोडा आणि पुन्हा रीडिंग घ्या. पहिलं रीडिंग भागिले दुसरं, त्यातून एक वजा, त्याला १० मेगाओहमने गुणलं की मेम्ब्रेनचा रोध मिळतो. रीडिंग शून्याच्या जवळ असेल तर भागाकाराला अर्थ राहत नाही, तेव्हा दुसऱ्या स्टँडर्डवर करा. रेझिस्टर लगेच काढा. तो जोडलेला असताना मेम्ब्रेनमधून करंट वाहतो आणि इलेक्ट्रोड मग बराच वेळ रुसून बसतो. पीएच मीटर सतत मिळत नसेल तर सीए ३१४० सारखा मॉस्फेट इनपुटचा ऑप-अँप फॉलोअर म्हणून मल्टिमीटरच्या आधी लावा. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर तो किरकोळीत मिळतो आणि सर्किट अर्ध्या तासाचं आहे.

पीएच मीटरवर स्लोप ५५ ते ६० मध्ये आला तर हा मुद्दा संपला. तुमच्याकडच्या उन्हाळ्यात लॅब ४० अंशांवर असेल तर सिद्धांताचा आकडा ५९ राहत नाही, तो ६२ होतो. म्हणून स्लोपबरोबर तापमान वहीत लिहायची सवय ठेवा. पीएच मीटरवरही ४२ च आला तर मात्र मेम्ब्रेनला भोक आहे का, ते पुरेसं भिजवलं होतं का, आणि स्टँडर्ड नीट पातळ केले होते का, याच क्रमाने शोधा.

आता तांब्याची तार. धातूवर थेट मेम्ब्रेन चढवायची युक्ती जुनी आहे, कॅट्रल आणि फ्रायझर या रसायनशास्त्रज्ञांनी ती १९७१ मध्ये मांडली. इलेक्ट्रोड झटपट होतो, स्वस्त पडतो आणि स्लोपही चांगला येतो. अडचण मेम्ब्रेनच्या मागच्या बाजूला असते. मेम्ब्रेनमध्ये विद्युतभार आयन वाहतात आणि तारेत इलेक्ट्रॉन. दोघांच्या सीमेवर देवाणघेवाण करणारं ठरलेलं कुणी नसतं, त्यामुळे तिथलं पोटेन्शियल कशालाच बांधलेलं नसतं. प्लास्टिसायझर (प्लास्टिक मऊ करणारं तेलकट द्रव्य) घातलेल्या पीव्हीसीतून पाणी आणि ऑक्सिजन हळूहळू आत जातात आणि तारेवर पाण्याचा पातळ थर जमतो. तांबं असेल तर ते गंजायलाही लागतं. मग तुम्ही नायट्रेट मोजताय की तांब्याचं गंजणं, हे मीटरला कळत नाही. दहा मिलिव्होल्ट सरकले म्हणजे किती, तेही बघा. या उपकरणात एक मिलिव्होल्टची चूक म्हणजे सुमारे ४ टक्के. दहा मिलिव्होल्टला आकडा जवळपास दीडपट होतो किंवा दोनतृतीयांश. ४५ चं पाणी ६६ दिसेल, नाहीतर ३० दिसेल.

धातू आणि मेम्ब्रेनच्या मध्ये पॉलिपिरोल किंवा पॉलिऑक्टाइलथायोफीनसारखा वाहक पॉलिमर, नाहीतर कार्बन नॅनोट्यूबचा थर देऊन हा प्रश्न सोडवता येतो आणि हल्लीचे चांगले घन-संपर्क इलेक्ट्रोड तसेच असतात. पण एका सत्राच्या प्रकल्पात तिकडे जाऊ नका. जुन्या पद्धतीचा, आत द्रावण भरलेला इलेक्ट्रोड करा. पेनाएवढी पीव्हीसीची नळी घ्या. तिच्या टोकाला टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान, पीव्हीसी विरघळवणारं द्रावक) लावून मेम्ब्रेनची चकती चिकटवा, आत ०.०१ मोलर पोटॅशियम नायट्रेट आणि ०.०१ मोलर पोटॅशियम क्लोराइड यांचं एकत्र द्रावण भरा आणि त्यात सिल्व्हर क्लोराइड चढवलेली चांदीची तार सोडा. नायट्रेट मेम्ब्रेनची आतली बाजू बांधून ठेवतं, क्लोराइड तारेला बांधून ठेवतं. दोन्ही सीमा पक्क्या झाल्या की रीडिंगचं सरकणं तासाला एक-दोन मिलिव्होल्टच्या आत यायला हवं.

चांदीची तार सोनाराकडून घ्या, पण शुद्ध मागा, दागिन्याची नको. मी हुपरीहून आणलेली तार वर्षानुवर्षं वापरली. पॉलिश पेपरने घासायची, पाण्याने धुवायची आणि घरातल्या ब्लीचमध्ये अर्धा तास ठेवायची. चॉकलेटी-करडी झाली की तयार. विजेवर चढवलेला थर जास्त एकसारखा असतो हे खरं, पण तुमच्या कामाला ब्लीच पुरतं.

मेम्ब्रेनची रेसिपी मी फार लांबवत नाही. पीव्हीसी साधारण ३० टक्के, प्लास्टिसायझर ६५ टक्के आणि उरलेलं लांब शेपटांचं क्वाटर्नरी अमोनियम मीठ. तुम्ही ट्रायडोडेसिलमिथाइलअमोनियम क्लोराइड घेतलंय, ते ठीक आहे, नायट्रेटमध्ये भिजवलं की क्लोराइडच्या जागी नायट्रेट येतो. पीव्हीसी मात्र मोठ्या रेणुभाराची पावडर हवी. पाइपाचे तुकडे विरघळवू नका, त्यात स्टॅबिलायझर आणि भुकट्या असतात. टीएचएफ धुराड्याखाली (फ्यूम हूडमध्ये) हाताळा. जुन्या बाटलीत पेरॉक्साइड साठतात, ती कधीच आटवून कोरडी करायची नसते. द्रावण काचेवरच्या रिंगमध्ये ओतलं की वर फिल्टर पेपर ठेवून त्यावर वजन द्या आणि रात्रभर सावकाश सुकू द्या. घाई केली तर टीएचएफ उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर जमते आणि मेम्ब्रेन दुधाळ होतं. जुलै-ऑगस्टमध्ये आमच्याकडे अशी दुधाळ मेम्ब्रेनं हमखास व्हायची. मग आम्ही काच बंद डबीत सिलिका जेलशेजारी ठेवायला लागलो. तयार चकती मोजणीआधी रात्रभर ०.०१ मोलर नायट्रेटमध्ये भिजवा.

तिसरं दुखणं खरं डिझाइनचं आहे, आणि मला जास्त बोलायचंय ते याच्याबद्दल. कॅटलॉगात नायट्रेट आयनोफोर म्हणून पदार्थ सापडतात, पण रोजच्या वापरातले बहुतेक नायट्रेट इलेक्ट्रोड तुमच्यासारख्याच क्वाटर्नरी अमोनियम मिठावर चालतात. पोटॅशियमची गोष्ट वेगळी. तिथे व्हॅलिनोमायसिनचा रेणू पोटॅशियमला मापाच्या खोबणीत बसवून घेतो, सोडियम त्या खोबणीत नीट बसत नाही. नायट्रेटच्या तुमच्या मेम्ब्रेनमध्ये अशी खोबणी नाही. तिथे फक्त एक धन भार बसलेला आहे आणि त्याला कुठलाही ऋण आयन चालतो. मग निवड कोण करतं, तर पाणी सोडून तेलात जायची त्या आयनाची तयारी. परक्लोरेट सगळ्यात तयार, मग थायोसायनेट, आयोडाइड, नायट्रेट, ब्रोमाइड, क्लोराइड, आणि अगदी शेवटी पाण्याला घट्ट धरून बसणारा सल्फेट. ही रांग हॉफमायस्टर या शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जाते. प्राग शहरात १८८८ मध्ये त्याने कोंबडीच्या अंड्यातल्या पांढऱ्यावर वेगवेगळी मिठं टाकून ती शोधली होती. प्लास्टिसायझर बदलून या रांगेतली अंतरं थोडी हलतात, क्रम उलटत नाही.

म्हणजे तुमच्या इलेक्ट्रोडला क्लोराइडही दिसतो, फक्त नायट्रेटच्या मानाने बराच फिका. किती फिका, तो आकडा म्हणजे सिलेक्टिव्हिटी गुणांक. अशा मेम्ब्रेनला तो ०.००५ च्या आसपास धरायला हरकत नाही. अर्थ असा की क्लोराइडचे दोनशे आयन मिळून एका नायट्रेटएवढे दिसतात. ऐकायला छान वाटतं, पण खारपाणपट्ट्यात क्लोराइड नायट्रेटच्या कितीतरी पटींनी हजर असतो.

हिशेब मांडू. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, म्हणजे ०.७३ मिलिमोल. क्लोराइडची स्वीकार्य मर्यादा २५० आणि दुसरा स्रोत नसेल तर १०००. क्लोराइड १००० म्हणजे २८ मिलिमोल. त्याला ०.००५ ने गुणलं की ०.१४ मिलिमोल, म्हणजे जवळपास ९ मिलिग्रॅम नायट्रेट विहिरीत नसताना दिसणार. तुमच्या ३१ आणि २२ मधला फरक किती आहे? ९. त्या विहिरीचा क्लोराइड तुम्ही दिलेला नाही, पण तो हजाराच्या आसपास निघाला तर मला नवल वाटणार नाही. इथे एक खुलासा करते. तुमचा स्लोप ४२ असला तरी स्टँडर्ड आणि नमुना एकाच मीटरवर मोजले असतील तर त्या चुकीने ३१ हा आकडा फारसा बिघडत नाही. म्हणून ही दोन दुखणी वेगळी धरायची. आणि यूव्हीचा २२ हा देववाक्य समजू नका. २२० नॅनोमीटरवर सेंद्रिय पदार्थही शोषण करतात आणि २७५ वरची वजावट ढोबळ असते. दोन्ही पद्धतींची एकके जुळतात का तेही बघा. एकीकडे नायट्रेट आणि दुसरीकडे नायट्रोजन म्हणून लिहिलं असेल तर साडेचारपटीच्या जवळ फरक पडतो, तुमचा तेवढा नाही.

माझा अंदाजी नियम असा आहे. वजनाने क्लोराइड नायट्रेटच्या अकरा-बारापट झाला की १० टक्के चूक धरायची. तुम्हाला फक्त ‘४५ च्या वर की खाली’ एवढंच ठरवायचं असेल आणि क्लोराइड ३०० असेल, तर काहीच करू नका, सरळ मोजा. क्लोराइड १५०० आणि नायट्रेट १० असेल तर मी हा इलेक्ट्रोड हातातच घेणार नाही, आयन क्रोमॅटोग्राफी (प्रत्येक आयन वेगळा करून मोजायची पद्धत) मिळते का बघेन. मधल्या विहिरींसाठी दोन वाटा आहेत.

पहिली वाट म्हणजे स्टँडर्डही खारे करा. प्रत्येक विहिरीचा क्लोराइड सिल्व्हर नायट्रेटच्या टायट्रेशनने काढा, ते तुमच्या लॅबमध्ये होतच असेल. मग त्याच क्लोराइडच्या पाण्यात नायट्रेटचे स्टँडर्ड बनवा. लिटरला १.६५ ग्रॅम शुद्ध सोडियम क्लोराइड घातलं की क्लोराइड १००० होतो. स्वयंपाकघरातलं आयोडीनयुक्त मीठ नको. त्या स्टँडर्डचा आलेख खालच्या टोकाला सपाट होताना दिसेल. सरळ रेष जिथून सुटते तिथे तुमच्या इलेक्ट्रोडची त्या विहिरीपुरती मर्यादा आहे. हा आलेख प्रकल्पात जरूर लावा. परीक्षकाला गुणांकाच्या कोष्टकापेक्षा त्यातून जास्त कळेल.

दुसरी वाट क्लोराइड काढून टाकायची. नमुन्यात सिल्व्हर सल्फेट घालायचं, क्लोराइड सिल्व्हर क्लोराइड होऊन खाली बसतो. क्लोराइड ५०० असेल तर ५० मिलिलिटरला ०.११ ग्रॅम जेमतेम पुरतं, म्हणून थोडं जास्त घ्या. नायट्रेट इलेक्ट्रोडच्या प्रमाणित बफरमध्ये सिल्व्हर सल्फेटबरोबर ॲल्युमिनियम सल्फेट, बोरिक आम्ल आणि सल्फामिक आम्ल असतं, पीएच ३ ला आणलेलं. ॲल्युमिनियम सल्फेट आयनांची एकूण ताकद सारखी ठेवतं, आम्लतेमुळे बायकार्बोनेट वायू होऊन निघून जातो, आणि सल्फामिक आम्ल नायट्राइट संपवतं. तुमच्या भागातल्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर, तेव्हा ती आम्लता महत्त्वाची. यातली मिठं सल्फेटचीच का, ते आता लक्षात आलं असेल. रांगेत शेवटी उभा असलेला आयन इलेक्ट्रोडला जवळजवळ दिसतच नाही. आमच्याकडे एका हुशार मुलाने एकदा सल्फेट संपलं म्हणून क्लोराइड काढायला सिल्व्हर नायट्रेट वापरलं. क्लोराइड उत्तम निघाला. नायट्रेटचा आकडा पाहून तो दिवसभर विहिरीच्या मालकाला दोष देत होता.

स्टँडर्ड ॲडिशनने हे सुटेल असं तुम्हाला कुणीतरी सांगेलच. नाही सुटत. ज्ञात नायट्रेट घालून वाढ मोजायच्या पद्धतीत रेफरन्सचं सरकलेलं शून्य आणि ॲक्टिव्हिटीतला (आयनाच्या प्रभावी संहतीतला) फरक बऱ्याच अंशी भरून निघतो. पण क्लोराइड आधीपासून नायट्रेटचा मुखवटा घालून बसलेला असतो आणि तो ॲडिशननंतरही बेरजेत तसाच राहतो. त्या पद्धतीने येणारं उत्तर नेटकं दिसतं, पण ते खरं असेलच असं नाही.

रेफरन्स इलेक्ट्रोडबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही. साधा, ३ मोलर पोटॅशियम क्लोराइडचा असेल तर त्यातून थोडं द्रावण सतत नमुन्यात झिरपतं. ताशी १० मायक्रोलिटर ५० मिलिलिटरमध्ये मिसळलं तर ०.६ मिलिमोल क्लोराइड. नायट्रेटच्या कामात तेवढं चालून जातं. पण उद्या हाच रेफरन्स घेऊन पोटॅशियमचा इलेक्ट्रोड केलात, तर लिटरला २३ मिलिग्रॅम पोटॅशियम तुम्ही स्वतःच ओतत असाल. चांदीचा बफर वापरणार असाल तर मात्र आताच दुहेरी जंक्शनचा (झिरपायची जागा आणि मीठ यांमध्ये आणखी एक कप्पा असलेला) रेफरन्स घ्या आणि बाहेरच्या कप्प्यात अमोनियम सल्फेट भरा. नाहीतर जंक्शनमध्ये सिल्व्हर क्लोराइड साचून ते बुजतं आणि रीडिंग पुन्हा नाचायला लागतं. तेव्हा तुम्ही परत मेम्ब्रेनवर संशय घ्याल.

मोजताना पातळ स्टँडर्डकडून दाटाकडे जा, सगळं एकाच वेगाने ढवळा आणि विहिरीचं पाणी स्टँडर्डच्या तापमानाला येऊ द्या. दर आठ-दहा नमुन्यांनंतर एक स्टँडर्ड पुन्हा लावा. अतिशय कमी संहती मोजायच्या अलीकडच्या युक्त्या वाचून भुलू नका. या मेम्ब्रेनची खालची हद्द लिटरला अर्धा-एक मिलिग्रॅमच्या आसपास असते, आणि तुमच्या विहिरींचा प्रश्न त्याच्या कितीतरी वर आहे.

आता क्रम. उद्या फक्त पीएच मीटरवरचा स्लोप आणि समांतर रेझिस्टरचं रीडिंग घ्या, मेम्ब्रेनला हात लावू नका. परवा सोनाराकडे जा. आत द्रावणाचा इलेक्ट्रोड तयार होईपर्यंत तीन विहिरींचा क्लोराइड काढून ठेवा, एक गोडी, एक मध्यम आणि ही ३१ दाखवणारी. ते आकडे आणि मेम्ब्रेनचा रोध मला कळवा. स्टँडर्ड खारे करायचे की सिल्व्हर सल्फेटवर खर्च करायचा, ते त्यानंतर ठरवू.